एकोणीस जानेवारी: गेले नाही

सांडविक, मॅनिटोबा
६ नोव्हेंबर १९८३

प्रिय मामा,

तुमच्या घराची किल्ली आईने परवा माझ्या हातात दिली. आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर ती बाराव्या खिळ्याला टांगली आहे. ऑक्टोबरात होडी काठावर ओढताना बाबांचं कमरेचं हाड मोडलं, हे आईने कळवलंच असेल. त्यामुळे यंदा, तुमच्यासारख्या हिवाळ्यापुरतं दक्षिणेला गेलेल्या लोकांच्या बाराही बंद घरांची फेरी मी एकटी करणार. तुमची नि बाबांची अकरा वर्षं बोलचाल नाही, म्हणून सगळं तुम्हाला पत्रानेच कळवत जाईन. आई म्हणते, लांबच्या फोनला तुम्ही घड्याळ लावून बसता आणि निम्मं बोलणं तसंच राहतं.

काल पहिली फेरी झाली. पन्हळीतली पानं काढली. तळघरातली तुमची शाळेची खोकी जमिनीवरच होती, ती विटांवर चढवली. फ्रीझरमध्ये पाण्याचा पेला गोठवून त्यावर एक नाणं ठेवलं आहे. वीज जास्त वेळ गेली तर बर्फ वितळून नाणं बुडतं, मग पुन्हा गोठलं तरी खरं काय ते कळतं. (शेजारीच तुमच्या सात थरांच्या विनारतेर्ता केकचा अर्धा तुकडा आहे. त्याला हात लावलेला नाही.)

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, पाणी बंद करून पाइप रिकामे करू का? सगळ्यात सुरक्षित तेच. मामींची व्हायोलेटची रोपं मी आमच्या घरी नेऊन सांभाळीन. दोन, घर गरम ठेवणारी भट्टी तुम्ही दहा अंशांवर लावून गेलात. ती पंधरावर नेऊ का? तीन, उत्तरेच्या भिंतीला, ओट्यामागे, नवी फळी ठोकलेली दिसली. पाइप तिच्याच मागून जातो. आत काय भरलं आहे?

मी रोज येणार आहे. बाबांचा नियम तसाच आहे आणि ड्रॉवरमधल्या तुमच्या विम्याच्या कागदातही रोज असंच म्हटलं आहे. प्रत्येक फेरी वहीत लिहीन.

तुमची,
स्वावा


मेसा, ॲरिझोना
१८ नोव्हेंबर १९८३

स्वावास,

पत्र मिळालं. लाल पेन्सिल घेऊन बसलो होतो, पण एकही चूक सापडली नाही. दोनदा वाचलं. हे कुणाकडून शिकलीस देव जाणे, कारण तुझ्या बापाला स्वल्पविराम आणि माशाचा काटा यातला फरक कळत नाही.

आता तुझे प्रश्न. पाणी बंद करायचं नाही. तुझ्या मामीची रोपं त्याच खिडकीत सोळा वर्षं आहेत, जागा बदलली की रुसतात. भट्टी दहावरच राहू दे, रिकाम्या घराला ऊब कशाला? फळीमागे थंडी अडवणारी काचलोकर आहे. मासिकात वाचून, आकृती काढून, मी स्वतः भरली आहे. एकतीस वर्षं मुख्याध्यापक होतो. चार खिळे ठोकण्याइतकी अक्कल मला आहे. ती फळी उघडायची नाही.

शाळेचं तोंड न पाहिलेल्या पोरीकडून विम्याचे नियम शिकायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. आठवड्यातून दोन फेऱ्या पुरे होत्या. पण तुला रोजच जायचं असेल तर रोज जा. मीच सांगतो आहे असं समज आणि रोज जा. पाय तुझे झिजतील.

केकला हात न लावल्याबद्दल आभारी आहे.

बाल्डुर मामा


सांडविक
२२ जानेवारी १९८४

प्रिय मामा,

शुक्रवारी फोनवर तुम्ही चिडलात आणि आई रडायला लागली, त्यामुळे सगळं नीट सांगता आलं नाही. आता क्रमाने लिहिते.

बुधवार, अठरा तारखेपर्यंत सगळं ठीक होतं. घरात दहा अंश, नळ चालू, नाणं बर्फावर. गुरुवारी पहाटेपासून हिमवादळ. पोलिसांनी रस्ता बंद केला. सकाळी अकराला वीज गेली. बाहेर उणे चौतीस. मी बूट घालून दारात गेले, पण समोरचं चर्चसुद्धा दिसत नव्हतं.

बाबा खुर्चीतून म्हणाले, "कुठे?"

"मामांकडे. वीज गेलीय. त्यांचं घर टोकावर आहे, सगळ्यात आधी तेच गार पडेल."

"म्हणूनच जायचं नाही. दोन मैल आहे."

"दोरी बांधून जाते."

"दोरी किती मैलांची आहे तुझ्याकडे? घर मोडलं तर पुन्हा बांधता येतं, स्वावा. बूट काढ."

मी बूट काढले. वीज रात्री आठला आली. शुक्रवारी वारा पडताच, उजाडायला लागलं तेव्हा, बर्फावर चालायचे जाळीचे बूट बांधून निघाले. तुमच्या दाराशी पोचले तेव्हा आत पाण्याचा आवाज येत होता. वीज नसताना ओट्यामागचा पाइप गोठून फुटला असणार. मग भट्टी सुरू झाली, बर्फ सुटला आणि पाणी वाहू लागलं.

आधी मुख्य कॉक बंद केला. मग फ्यूज काढले. मग सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा नळ उघडून पाइप रिकामे केले. ओट्याखालची लाकडी जमीन फुगली आहे. बैठकीचा गालिचा कोपऱ्यात भिजला. तळघरात दोन बोटं पाणी होतं, पण तुमची खोकी विटांवर असल्याने कोरडी राहिली. बाबांच्या कॅमेऱ्याने काहीही हलवण्याआधी फोटो काढले. गळती बघायला फळी उघडावीच लागली, त्याबद्दल माफ करा. फुटलेला पाइपचा तुकडा पिशवीत जपून ठेवला आहे. बाबा म्हणतात, फुटलेला पाइप फेकायचा नसतो, तोच साक्षीदार.

एक गोष्ट दिसली ती लिहायलाच हवी. काचलोकर पाइप आणि स्वयंपाकघर यांच्या मध्ये भरली होती. ती पाइप आणि बाहेरची भिंत यांच्या मध्ये असायला हवी. अशी भरली की घरातली ऊब पाइपपर्यंत पोचतच नाही. मी दोष देत नाही. जे दिसलं ते लिहिलं.

आणि माझ्याबद्दलही लिहायला हवं. गुरुवारी मी पोचू शकले असते तर पाइप वेळेत रिकामा केला असता. तीन दिवस माझ्या मनात तेवढंच आहे.

व्हायोलेटची नऊही रोपं कोटाच्या आत घालून दोन खेपांत आमच्या घरी आणली. दोन मरगळली आहेत.

स्वावा


मेसा
१ फेब्रुवारी १९८४

स्वावास,

फोनवर आवाज चढवला त्याबद्दल वाईट वाटतं. काचलोकरीबद्दल तुझा समज चुकीचा आहे. मासिक माझ्याकडे आहे. परत आल्यावर दाखवीन.

कंपनीचं पत्र आलं. फेऱ्यांची वही मागितली आहे आणि सर्व्हेअर पाठवणार आहेत. आईकडून कळलं की एकोणीस तारखेपुढे तू "गेले नाही" असं लिहिलं आहेस. बरोबर नेमक्या त्याच दिवशी.

स्वावा, तू प्रामाणिक आहेस हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते सिद्ध करायची गरज नाही. त्या ओळीत "दुपारी जाऊन आले, नऊ अंश" एवढंच लिही. वादळात तुला कुणी पाहिलं नाही, तसं तू गेली नाहीस हेही कुणी पाहिलेलं नाही. एका ओळीचा प्रश्न आहे. त्या घरात तुझी मामी शेवटपर्यंत राहिली. तिच्या हातचा ओटा आहे तो. क्लेम फेटाळला गेला तर माझ्या पेन्शनीत ते घर पुन्हा उभं राहणार नाही, मला विकावं लागेल.

तुझ्या बापाने तुला हट्ट तेवढा शिकवला असेल तर आज तो बाजूला ठेव.

मामा


सांडविक
९ फेब्रुवारी १९८४

प्रिय मामा,

तुमचं पत्र मी आईला दाखवलं नाही. बाबांनाही नाही. चार दिवस उशीखाली ठेवलं होतं.

ती ओळ मी बदलणार नाही. मामींचा ओटा मलाही ठाऊक आहे. तिथे उभं राहून मी पहिल्यांदा केकचे सात थर लावले होते. पण त्या वहीत माझ्या आधी बाबांच्या एकोणीस हिवाळ्यांच्या नोंदी आहेत आणि त्यात "गेलो नाही" असं सहा वेळा लिहिलेलं आहे. मी एक ओळ खोटी लिहिली तर त्यांच्या सहा ओळीही खोट्या ठरतात. शिवाय बाकीच्या अकरा घरांच्या किल्ल्या आमच्या फळीवर कशासाठी टांगलेल्या राहतील?

दुसरं असं की त्याची गरजच नाही, असं मला वाटतं. तुमचा विम्याचा कागद मी सात वेळा वाचला. त्यात म्हटलं आहे, हिवाळ्यात घर सलग चार दिवसांपेक्षा जास्त बंद असेल तर गोठून झालेल्या नुकसानीची भरपाई नाही. मात्र घर गरम राहतंय ना हे बघायला रोज येण्यासाठी मालकाने एखाद्या जाणकार व्यक्तीची व्यवस्था केली असेल, तर भरपाई आहे. व्यवस्था केली असेल, मामा. वादळात ती व्यक्ती पोचलीच पाहिजे, असं कुठेही नाही. मी कंपनीला फोन करून विचारलं. ते म्हणाले, वाचन बरोबर आहे, पण दोन गोष्टी सिद्ध करा. रोजची व्यवस्था मालकाने खरंच केली होती का? आणि ती व्यक्ती जाणकार आहे का?

पहिलीसाठी तुमचं अठरा नोव्हेंबरचं पत्र पुरेल. "मीच सांगतो आहे असं समज आणि रोज जा" असं तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलं आहे. ते पत्र मी त्यांना दिलं. पूर्ण द्यावं लागलं, मधून कापता येत नाही.

दुसरीचं काय करायचं ते मला कळत नाही.

स्वावा


मेसा
१५ फेब्रुवारी १९८४

स्वावास,

पूर्ण दिलंस? माशाच्या काट्यासकट? आणि शाळेचं तोंड न पाहिलेली पोर, त्यासकट?

म्हणजे ती पोर जाणकार नाही, याचा पुरावा मीच लिहून ठेवला आहे.

मामा


सांडविक
२६ फेब्रुवारी १९८४

प्रिय मामा,

सर्व्हेअर बुधवारी येऊन गेले. ओरेस्ट प्रोकोपचुक नाव, वय साठीच्या आसपास, कानाला टोपी, बोलणं कमी. दारातच म्हणाले, "मी आज तुझ्या मागे चालणार. रोज जे करतेस ते कर. मी नाहीच असं समज."

 किल्ली हातात आली की पुढचं पायांना ठाऊक असतं. आधी बाहेरून घराला एक फेरी, धुराडं बर्फाने बुजलंय का, छताच्या कडेला सुळे धरलेत का. मग आत. दार लावून मिनिटभर काहीही न करता ऐकणं. मग भट्टी, मग उत्तरेच्या भिंतीला उघडा तळहात लावून चालणं.

"तळहात कशाला? थर्मामीटर आहे ना?"

"थर्मामीटर एका जागेचं सांगतं. भिंत सगळीकडे सारखी गार नसते."

"कोणी शिकवलं?"

"बाबांनी."

"शाळा कुठली?"

"चौदा वर्षांची होईपर्यंत घरचीच. पुढची टपालाने."

"शिक्षक कोण?"

"बाबाच. उन्हाळ्यात मासेमारी, हिवाळ्यात लोकांच्या भट्ट्या."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.  मग त्यांनी पिशवीतला पाइपचा तुकडा बराच वेळ फिरवून पाहिला आणि फोटो टेबलावर क्रमाने मांडले. वहीतली रोजची तापमानं त्यांनी वीज कंपनीच्या नोंदींशी ताडून पाहिली. डिसेंबरात दोनदा वीज गेली होती, ती माझ्या वहीत सापडली. शेवटी एकोणीस जानेवारीवर बोट ठेवलं.

"इथे काहीतरी लिहावंसं वाटलं नाही?"

 तुमच्या पत्राबद्दल मी बोलले नाही, आणि खोटंही बोलले नाही.

ते म्हणाले, "दोन फूट दिसत नसताना दोन मैल चाललेली माणसं मी वसंतात बर्फाखालून निघताना पाहिलीत. तुझे वडील शहाणे आहेत."

काचलोकर त्यांनी स्वतःच पाहिली. "हे कोणी केलं?" मी म्हटलं, "मालकांनी." "हं. घरचं चुकलेलं काम. त्याने क्लेम अडत नाही, पण नोंद करावी लागेल." मग म्हणाले, "पोरी, माझं मत झालंय. पण तू नात्यातली आहेस, तुझ्याकडे कागद कुठलाच नाही आणि फाइलमध्ये मालकाचं ते पत्र आहे. मालकाकडून सहीनिशी हवं, की नेमताना तुला जाणकार समजून नेमलं होतं आणि आजही समजतो. ते मुख्याध्यापक होते ना? त्यांच्या शब्दाला वजन असेल."

मामा, हे मी तुम्हाला घाबरत लिहिते आहे. घर वाचावं म्हणून माझी स्तुती करू नका. तुम्हाला तसं वाटत नसेल तर लिहू नका. तुम्ही न वाटता लिहिलंत, तर ती ओळसुद्धा एकोणीस जानेवारीला खोटी ओळ लिहिल्यासारखीच होईल. घर गेलं तर मला आयुष्यभर लागून राहील, पण ते मी सोशीन.

मरगळलेल्या दोन रोपांपैकी एकाला कळी आली. बाबा त्यांना चमच्याने पाणी घालतात, बुडाशी, पानांना न लावता. मी त्यांना कोणाची रोपं ते सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, "सांगायला कशाला हवं? हा निळा रंग गावात एकाच खिडकीत होता."

स्वावा


मेसा
९ मार्च १९८४

स्वावास,

कंपनीला पाठवलेल्या निवेदनाची नक्कल सोबत जोडली आहे. चार वेळा लिहून फाडलं. मासिक काढून पुन्हा वाचलं. आकृती बरोबर होती. मी ती उलटी धरली होती.

मामा

(नक्कल)

मी, बाल्डुर एय्योल्फसन, लिहून देतो की:

स्वावा केटिल्सन हिला मी नेमलं, तेव्हा ती जाणकार आहे असं मला वाटत नव्हतं. स्वस्तात होतंय आणि बहीण सांगते आहे, म्हणून किल्ली दिली. तिला जाणकार समजून नेमलं असं मी लिहून देऊ शकत नाही, कारण ते खोटं होईल आणि ते लिहू नका असं तिनेच मला बजावलं आहे.

आज मला काय वाटतं ते लिहितो. तिने मला तीन गोष्टी विचारल्या आणि तिन्ही मी धुडकावल्या. त्यातली एकही ऐकली असती तर ही फाइल उघडलीच नसती. जी गोष्ट तिने मला न विचारता केली, म्हणजे खोकी विटांवर चढवली, तिच्यामुळे माझं एकतीस वर्षांचं काम कोरडं राहिलं. भिंतीतली चूक माझी आहे. एकोणीस जानेवारीच्या नोंदीत फेरी झाली असं दाखवावं, असं मी तिला पत्राने सुचवलं होतं. तिने नकार दिला. ही गोष्ट कंपनीने माझ्याविरुद्ध धरली तरी चालेल, पण तिच्या बाजूने धरली गेली पाहिजे.

१९७२ साली या गावचा मुख्याध्यापक म्हणून मी शाळा मंडळाला एक पत्र लिहिलं होतं. केटिल हा कोळी आपल्या मुलीला घरी शिकवतो, तो शिकवायला लायक नाही आणि मुलगी अडाणी राहील, असं त्यात होतं. माझ्या नोकरीच्या काळात मी हजारो उत्तरपत्रिका तपासल्या. त्या पत्राइतकं चुकीचं उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही.

ती जाणकार व्यक्ती आहे. ज्याने तिला शिकवलं तोही.


सांडविक
२ एप्रिल १९८४

प्रिय मामा,

कंपनीचं पत्र शुक्रवारी आलं. क्लेम मंजूर झाला. प्रोकोपचुकांनी खाली हाताने लिहिलं आहे की निवेदनं सहसा त्यांच्या लक्षात राहत नाहीत, हे राहील. सुतार सोळा तारखेच्या सोमवारी लागेल. मामींचा ओटा तोच राहणार, फक्त पायाची लाकडं बदलायची आहेत. काचलोकर बाहेरच्या बाजूला. बाबा कुबड्यांवर उभे राहून ती भरून घेणार आहेत आणि तुम्ही हजर असावं, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यांचे शब्द असे: "त्याला बघू दे, आकृती मी धरतो."

तुम्ही चौदा तारखेला येताय ना? किल्ली आमच्याकडून घ्यावी लागेल. मी आणून देऊ शकते, पण बाबा म्हणाले की ज्याची किल्ली त्याने येऊन घ्यावी, कॉफी होईल, साखरेचा खडा दातात धरून प्यायची सवय त्याची अजून असेल तर खडाही मिळेल. पुढच्या हिवाळ्यासाठी बारावा खिळा मोकळाच ठेवणार आहे.

एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली होती, ती आता सांगते. १९७२ चं तुमचं पत्र मला ठाऊक होतं. मंडळाने त्याची नक्कल बाबांना पाठवली होती. आमच्या घरी तेव्हा बायबल आणि जाळ्यांचा कॅटलॉग सोडला तर छापील, लिहिलेलं असं फारसं नव्हतं. बाबांनी ते पत्र जपून ठेवलं आणि मला त्यावरून श्रुतलेखन घातलं. आठवड्यातून एकदा, दोन वर्षं. म्हणायचे, "माणूस रागावलाय आपल्यावर, पण वाक्य कसं उभं करायचं ते याच्याकडून शिकावं." माझ्या पत्रात चूक का सापडत नाही, ते तुम्ही नोव्हेंबरात विचारलं होतं. तुमचेच स्वल्पविराम आहेत ते.

काल संध्याकाळी जेवण झाल्यावर बाबांनी तुमचं निवेदन मागितलं. मला वाटलं, वाचायला हवंय. त्यांनी चष्मा लावला, माझ्या जुन्या वहीतला कोरा कागद फाडला, पेन्सिलीला टोक केलं आणि म्हणाले, "तू वाच. मी लिहितो."

मी सावकाश वाचलं. शेवटच्या दोन वाक्यांना ते थांबले आणि मला पुन्हा वाचायला लावलं, ऐकू आलं नाही म्हणून. त्यांचे कान चांगले आहेत.

तपासलं तेव्हा सहा चुका निघाल्या. मी सहाही दाखवल्या. त्यांनी त्या एकेक करून दुरुस्त केल्या, कागदाची घडी घातली आणि १९७२ च्या पत्राच्याच पाकिटात ठेवून दिली.

तुमची,
स्वावा